थंड इंजिनाचा इतिहास : मोहोळच्या रस्त्यावरील जुन्या ट्रकमधून काढून टाकलेला एक भाग

१/
पुण्याहून सोलापूरकडे जाताना, सोलापूरच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरवर मोहोळ लागते. समजा, या रस्त्यावर एक जुना टाटा ट्रक उभा आहे. तासभर चालून आला आहे, तरी तापमानाचा काटा पन्नास अंशांच्या वर सरकलेला नाही. मालक खूश आहे. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात गाडी तापत नाही, याहून चांगले ते काय? अनुभवी मिस्त्री मात्र काट्याकडे पाहून विचारतो, “थर्मोस्टॅट आहे का काढलाय?” या एका प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
इंजिन फार तापले, तर ते लपत नाही. वाफ निघते, पाणी उसळते, गाडी रस्त्यात थांबते. इंजिन फार थंड राहिले, तर काहीच घडत नाही. गाडी चालत राहते. डिझेल थोडे जास्त जाते, ऑइल थोडे लवकर काळे पडते आणि काही वर्षांनी इंजिन वेळेआधी उतरवावे लागते. तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. दिसणाऱ्या नुकसानीच्या धास्तीने न दिसणारे नुकसान पत्करण्याची सवय कशी रुजली, हे समजून घेण्यासाठी आधी रस्ता, मग ट्रक आणि मग इंजिन, असा क्रम घ्यावा लागेल.

३/
मोहोळ हे वाहतुकीच्या वाटेवरचे जुने गाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मोहोळवरून सोलापूरपर्यंत पोहोचला तो १८६० मध्ये. पुणे–सोलापूर–हैदराबाद हा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग ९ झाला आणि नव्या क्रमांकानुसार ६५. पंढरपूरकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. त्यानंतर ज्वारीच्या या मुलखात उसाचे क्षेत्र वाढले, तालुक्यात साखर कारखाने उभे राहिले आणि मालवाहतुकीला एक नवा हंगाम मिळाला. या हंगामाचे महत्त्व पुढे येईलच.

४/
आता ट्रक. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय रस्त्यांवर लष्कराने विक्रीस काढलेले अमेरिकन ट्रक आले. त्याच सुमारास देशी उद्योगाची पायाभरणी होत होती. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्यांची जुळणी सुरू झाली. डॉज आणि फार्गो ही नावे जुन्या चालकांच्या बोलण्यात आली ती या मार्गाने. याच वालचंदांच्या नावाचे वालचंदनगर इंदापूर तालुक्यात, पुणे–सोलापूर रस्त्यापासून फार दूर नाही.

५/
खरे वळण १९५४ चे. जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवण्यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला. इंजिनाची घडण मात्र राहिली. गॅरेजमध्ये अजूनही उच्चारले जाणारे ६९२ आणि ६९७ हे आकडे त्याच परंपरेतले. पहिला अंक सहा सिलिंडरांचा, उरलेले दोन सिलिंडरच्या व्यासाचे : ९२ आणि ९७ मिलिमीटर. ६९७ ची एकूण क्षमता ५,६७५ घन सेंटिमीटर भरते. या इंजिनांसोबत थर्मोस्टॅटही आला.

६/
थर्मोस्टॅट म्हणजे काय? इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला स्वयंचलित दरवाजा. डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बरीच उष्णता धुराबरोबर जाते आणि बरीच थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. इंजिन गार असताना हा दरवाजा बंद राहतो आणि पाणी इंजिनाच्या आतल्या आतच फिरते. साधारण ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान, म्हणजे त्या त्या थर्मोस्टॅटवर कोरलेल्या तापमानाला, दरवाजा उघडू लागतो आणि पाणी रेडिएटरकडे जाते. ना चालकाला काही करावे लागते, ना क्लिनरला.

७/
प्रारंभीच्या मोटारींना या दरवाजाची गरज फारशी भासली नव्हती. गरम पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी जड होऊन खाली उतरते. या तत्त्वावर पाणी आपोआप फिरे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीत, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपच नव्हता. या रचनेचा एक गुण असा, की इंजिन गार असेल तर पाणी फिरतच नाही. रचना स्वतःच स्वतःला आवरते. इंजिने मोठी झाली, शक्ती वाढली आणि पंप अपरिहार्य झाला. पंपाला मात्र गार-गरम कळत नाही. इंजिन फिरले की तो पाणी ढकलतो. इंजिन गरजेपेक्षा थंड राहण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने पंपाबरोबर जन्मला.

८/
पहिले उपाय हाताने करायचे होते. रेडिएटरपुढे झडपा लावल्या जात, नाहीतर कापडाचा पडदा बांधला जात असे. मग यंत्राने यंत्राला आवरण्याची कल्पना आली. अमेरिकेतील वेस्टन फुल्टन हा मूळचा हवामान खात्यातला माणूस. त्याने पातळ धातूची, भात्यासारखी घड्या असलेली बिनजोडाची नळी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केली. अशा भात्यात चटकन वाफ होणारे द्रव भरले की गरम पाण्यात भाता फुगतो आणि झडप उघडतो. हाच जुना भात्याचा थर्मोस्टॅट. त्याच्या अनेक रचनांत भाता फुटला तर झडप उघडी राही. म्हणजे बिघाड झालाच तर इंजिन थंड राही, तापत नसे.

९/
१९३० च्या दशकात सर्जियस वर्ने याने मेणाचा थर्मोस्टॅट घडवला. लहानशा धातूच्या डबीत विशिष्ट मेण असते. उष्णता लवकर पोहोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली. ठरावीक तापमानाला मेण वितळते, वितळताना फुगते आणि दांडा ढकलून झडप उघडते. गार झाले की स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. रेडिएटरला दाबाचे झाकण बसवण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा ही रचना अधिक सोयीची ठरली, कारण पाण्याच्या दाबाचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण तिचा एक तोटाही होता. डबीतले मेण गळाले किंवा दांडा अडकला, तर झडप बंदच राहू शकते. मग इंजिन तापते आणि गाडी रस्त्यात उभी राहते.

१०/
थंड इंजिन झिजते, हे केवळ मिस्त्रींचे मत नव्हे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्स या संस्थेसाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. तोवर झीज म्हणजे घर्षण, अशीच समजूत होती. विल्यम्स यांच्या प्रयोगांत दिसले, की सिलिंडरची भिंत ठरावीक मर्यादेपेक्षा थंड राहिली की झीज झपाट्याने वाढते. कारण निघाले गंज. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. भिंत थंड असेल तर ती तिथेच दवासारखी जमते आणि जळितातले आम्ल तिच्यात उतरते. पिस्टनची प्रत्येक फेरी मग गंजलेला थर खरवडून नेते.

११/
हे प्रयोग पेट्रोल इंजिनांवरचे होते. डिझेलच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर, कारण डिझेलमध्ये गंधक. गंधक जळून होणारे वायू आणि पाण्याची वाफ यांच्यापासून गंधकाम्ल तयार होते. लायनर, म्हणजे सिलिंडरची बदलता येणारी आतली नळी, पुरेशी गरम असेल तर हे आम्ल बरेचसे धुराबरोबर निघून जाते. गार असेल तर लायनरवरच बसते. भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग. एप्रिल २०२० पासून देशभर हीच मर्यादा १० भागांवर आली आहे. जुन्या टाटा इंजिनांचे उमेदीचे आयुष्य गेले ते गंधकाच्या त्या पहिल्या काळात.

१२/
याशिवाय थंडीचा जळण्यावरही परिणाम होतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. भिंती गार असल्या की पेट घ्यायला उशीर होतो. न जळलेले डिझेल पांढऱ्या धुरातून बाहेर पडते, डोळ्यांना झोंबते आणि काही लायनरवरून उतरून खालच्या ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते. गार इंजिनातील पाणी उडून न गेल्याने ऑइलमध्ये चिखलासारखा गाळ धरतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर, ताकाच्या फेसासारखा थर दिसला, तर त्याचे एक कारण हेच असू शकते. हेड गॅसकेट फुटल्यानेही असा थर येतो, म्हणून तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

१३/
मग इतका उपयोगी भाग लोकांनी काढून का टाकला? त्यांच्या बाजूने पाहिले तर उत्तर अगदी समजण्यासारखे आहे. दख्खनच्या काळ्या कातळातील विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले जाई. वर्षानुवर्षे तापून त्याचा क्षार ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचला. रेडिएटर चोंदला, गाडी तापू लागली. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत रेडिएटर उतरवून साफ करायला दिवस जातो. थर्मोस्टॅटचे झाकण खोलून तो काढून टाकायला अर्धा तास पुरतो. काढला की गाडी तापायची थांबते. रोग तसाच राहतो, लक्षण मात्र नाहीसे होते.

१४/
यात आर्थिक तर्कही आहे. मालकाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे. गाडीत माल भरलेला आहे आणि पोहोचवण्याची वेळ ठरलेली आहे. इंजिन तापून हेड वाकले, तर आजच मोठा खर्च आणि आजच भाडे बुडणार. इंजिन थंड राहून झिजले, तर खर्च चार वर्षांनी आणि तोही ‘इंजिन जुनेच होते’ या सदरात जमा होणार. थंडीचे नुकसान अशा प्रकारे हिशेबाच्या वहीत कधी स्वतःच्या नावाने उतरलेच नाही. जे वहीत नाही, त्याच्यावर उपाय कोण शोधणार?

१५/
या सवयीला एका समजुतीचा आधार मिळतो : थर्मोस्टॅट हा थंड देशांतल्या गाड्यांचा भाग, आपल्याकडे त्याचे काम नाही. वरवर पटणारी ही गोष्ट चुकीची आहे. थर्मोस्टॅटला बाहेरचे हवामान कळत नाही. त्याला फक्त इंजिनातले पाणी कळते. मे महिन्यात मोहोळला पारा चाळिशीपार असेल आणि गाडी भरलेली असेल, तर तो उघडलेलाच राहतो आणि पाण्याला फारसा अडवत नाही. त्याचे काम सुरू होते ते पहाटेच्या गारव्यात, रिकाम्या फेरीत आणि जवळच्या भाड्यात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो निरुपद्रवी असतो आणि हिवाळ्यात उपयोगी पडतो.

१६/
येथे उसाचा हंगाम आठवावा. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. म्हणजे उसाच्या गाड्यांची धावपळ होते ती नेमकी वर्षातल्या थंड महिन्यांत आणि बरीचशी रात्री. फेऱ्या जवळच्या, फडापासून कारखान्यापर्यंत. त्यात कारखान्याच्या आवारात नंबर लावून तासन्‌तास थांबणे. इंजिन सुरू ठेवून उभी असलेली डिझेल गाडी फार थोडे इंधन जाळते, म्हणून फार थोडी उष्णता निर्माण करते. थर्मोस्टॅट नसेल तर पंप आणि पंखा मिळून तीही घालवतात. ज्या कामासाठी हा भाग सर्वाधिक हवा, त्याच कामातल्या गाडीत तो नसला, तर किंमत दुहेरी मोजावी लागते.

१७/
ट्रकच्या आधी या परिसरातल्या अनेकांनी डिझेल इंजिन पाहिले ते विहिरीवर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात सुरू झाली. राजकोटकडे लिस्टर धाटणीची संथ गतीची इंजिने बनू लागली. विहिरीवरच्या अनेक इंजिनांत पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक धार इंजिनातून फिरवून पाटात सोडलेली असे. विहिरीचे गार पाणी, तेही अखंड. कॉक पूर्ण उघडा ठेवला की इंजिन कधी तापतच नसे आणि मालकाला तेच उत्तम वाटे. वास्तविक बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल, इतकाच कॉक उघडायचा असतो.

१८/
तेलटंचाईच्या दशकानंतर, १९७८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. शेतीपंपांसाठीच्या तिच्या सल्ल्यांत इंजिन गरजेपेक्षा थंड न ठेवण्याचाही समावेश आहे, कारण त्यात डिझेल वाया जाते. म्हणजे ‘थंड तेवढे चांगले’ ही समजूत ट्रकपुरती नव्हती. विहिरीवर, शेतात आणि रस्त्यावर तीच होती. इंजिनाला माणसाच्या अंगासारखे समजण्यातून ती आली असावी. ताप म्हणजे आजार, हे खरेच. पण अंग गार पडणे हेही काही चांगले लक्षण नव्हे.

१९/
आता निदान. मोहोळच्या त्या ट्रकपाशी परत येऊ. पहिला प्रश्न : काटा खरे बोलतो का? जुन्या गाड्यांत तापमापक दोन प्रकारचे. एकात बारीक धातूची नळी इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत येते. दुसऱ्यात इंजिनावर सेन्सर आणि मध्ये वायर. वायरचा जोड गंजला, सेन्सर बदलताना दुसऱ्याच गाडीचा बसवला, तर काटा खाली राहतो आणि इंजिन मात्र ठीक असते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड तापमापक धरून आकडा पाहावा आणि काट्याशी ताडावा. दोन्हींत मोठा फरक आला, तर बिघाड मापकात आहे.

२०/
दुसरा प्रश्न : पाणी पुरेसे आहे का? पाणी कमी होऊन सेन्सरभोवती हवा अडकली, तर काटा खालीच राहतो आणि आत इंजिन जळत असते. कमी आकड्याचा हा सर्वांत घातक प्रकार. तपासणी इंजिन पूर्ण गार असतानाच करावी; गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उसळते. पाणी नेहमी कमी होत असेल, तर आधी गळती शोधावी. हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय थर्मोस्टॅटला हात लावणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

२१/
तिसरी परीक्षा हाताची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करावी आणि रेडिएटरला वरून जाणाऱ्या होज पाइपवर, पंख्यापासून जपून, हात ठेवावा. थर्मोस्टॅट नीट असेल, तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडली की थोड्याच वेळात चटका बसेल इतका तापतो. पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा थर्मोस्टॅटच नाही. उभ्या डिझेल गाडीला तापायला वेळ लागतो, म्हणून अंतिम निर्णय भरल्या गाडीची फेरी करूनच घ्यावा. भरली गाडी चढावर तापते आणि सपाटीवर पुन्हा पन्नासवर येते, तर संशय पक्का.

२२/
चौथी परीक्षा पातेल्यातली. थर्मोस्टॅट काढून पाण्यात दोऱ्याने टांगावा, शेजारी तापमापक ठेवावा आणि पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे, पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे आणि गार होताना घट्ट मिटली पाहिजे. गार असतानाही फट दिसली, तर तो बदलावा. आणि घर उघडल्यावर आत काहीच सापडले नाही, तर उत्तर मिळालेच.

२३/
येथे आणखी एक गंमत. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी आतल्या आत फिरण्याची वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायम उघड्या राहतात. काही पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात शिरते. परिणामी हलक्या कामात इंजिन थंड राहते आणि भरल्या गाडीला चढावर नेहमीपेक्षा लवकर तापते. ज्या भीतीने भाग काढला, तीच भीती भाग काढल्याने खरी होते.

२४/
दुरुस्तीचा क्रमही निदानाइतकाच महत्त्वाचा. चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवून नवा थर्मोस्टॅट बसवला, तर गाडी पुन्हा तापेल, मालक पुन्हा तो काढायला लावील आणि ‘आपल्याकडे हे चालत नाही’ ही समजूत आणखी घट्ट होईल. आधी रेडिएटर आणि ब्लॉक साफ, पंख्याचा पट्टा ताणलेला, झाकणाची स्प्रिंग शाबूत, विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट. आणि मग थर्मोस्टॅट. थंडीत रेडिएटरपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा बांधण्याची युक्ती तात्पुरती चालते, पण ती चालकाच्या लक्षावर अवलंबून असते. लक्ष चुकते म्हणूनच तर शंभर वर्षांपूर्वी झडप स्वयंचलित केली गेली.

२५/
इतिहासाच्या अभ्यासकाला या गोष्टीत एक धडा आहे. साधन कागदाचे असते, नाण्याचे असते, शिलालेखाचे असते. कधी कधी ते एका रिकाम्या जागेचेही असते. जुन्या ट्रकमधले थर्मोस्टॅटचे रिकामे घर म्हणजे असाच पुरावा. जर्मन आराखडा, जड पाणी, गंधकाचे डिझेल, कर्जाचा हप्ता, रस्त्याकडेची घाईची दुरुस्ती, या सगळ्यांच्या खुणा त्या पोकळीत सापडतात. तंत्रज्ञानाचा इतिहास शोध लावणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. वापरणाऱ्यांनी त्यातले काय ठेवले आणि काय काढून टाकले, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

२६/
आजच्या बीएस-६ ट्रकमध्ये हा प्रश्न असा गुपचूप राहू शकत नाही. इंजिन वेळेत तापले नाही, तर संगणकाला ते कळते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेलाही उष्णता लागतेच. जुन्या गाडीला असा दिवा नाही. तिच्यासाठी दिव्याचे काम आजही मिस्त्रीलाच करावे लागते. मोहोळच्या नाक्यावर काटा पन्नासवर पाहून जो मिस्त्री “झकास आहे” न म्हणता “घर उघडून बघू” म्हणतो, तो मालकाचे डिझेल वाचवतोच; शिवाय इंजिन उतरवण्याची पाळी काही वर्षे पुढे ढकलतो. घरात किंवा गावात कोणी जुना ट्रकचालक असेल, तर त्यांना एवढेच विचारून पाहावे : तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट होता का, आणि काढला असेल तर कोणत्या दिवशी, कशामुळे?